डाकोटाला एवढा मान कशासाठी?

किल्लीवाला
परवा वायुसेना दिनाच्या संचलनाची जुनी चित्रफीत बघत होतो. लढाऊ विमानं कान फोडून निघून गेली आणि मागून दोन पंख्यांचं, शेपटीखाली बारकं चाक असलेलं एक विमान रमतगमत आलं. निवेदकाचा सूर एकदम काकड आरतीचा! विमानाचं नाव परशुराम, जात डाकोटा. शेजारी बसलेला चुलतभाऊ म्हणाला, "याने काश्मीर वाचवलं."

आता माझी शंका. या विमानाला बंदूक नाही, तोफ नाही. वेग ताशी २५०-३०० किलोमीटर. माणसं बसणार २८. म्हणजे पंख लावलेला टेम्पो. लढले ते जवान, मग टेम्पोची आरती कशाला? आणि दुसऱ्या महायुद्धातलं हे धूड आपण नक्की किती वर्षं वापरलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. फार उपरोधिक प्रकाश नको.

आलेपाक
दाणे घेऊन बसले आहे. होऊ द्या.

उंटावरचा शहाणा
मुळात हे लष्करी विमानच नव्हतं. डग्लस कंपनीचं डीसी-३ हे प्रवासी विमान १७ डिसेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. त्याचीच लष्करी आवृत्ती सी-४७, ती उडाली २३ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बर होऊन दोन आठवडे उलटून गेले होते तेव्हा. मऊ खुर्च्या गेल्या, भिंतीला लागून बाकडी आली, जमीन भक्कम केली आणि डाव्या अंगाला जीप आत जाईल एवढं रुंद दार बसवलं. ब्रिटिशांनी त्याला डाकोटा म्हटलं, आपणही तेच नाव उचललं. दहा हजारांच्या वर सी-४७ बनली. रशियाने परवाना घेऊन ली-२ या नावाने बनवलं. जपाननेही युद्धाआधीच परवाना घेतला होता, त्यामुळे एकच विमान दोन्ही बाजूंनी उडत होतं. खालच्या तोफवाल्यांचे काय हाल झाले असतील बघा.

मजबुतीचा एक किस्सा. १९४१ साली चीनमध्ये एका डीसी-३ चा उजवा पंख जपानी बॉम्बने गेला. जोडीचा पंख मिळेना. हाँगकाँगला जुन्या डीसी-२ चा पंख पडून होता, पण तो पाच फूट आखूड. तो दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून आणला, बोल्ट कसले आणि उडवलं. एक पंख लांब, एक आखूड, तरी विमान सुखरूप हाँगकाँगला पोचलं. लोक त्याला डीसी-अडीच म्हणायला लागले.

किल्लीवाला
डीसी-अडीच! आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याचे पूर्वज असणार ते.

गणिती
कौतुक जरा आवरतं घ्या. डाकोटाचं नाव निघालं की 'हम्प'चा उल्लेख येतोच, म्हणून आधीच सांगतो. १९४२ मध्ये चीनला रसद नेणारा बर्मा रोड बंद पडल्यावर आसाममधून हिमालयाच्या टोकावरून चीनमधल्या कुनमिंगला रसद नेण्याचं जे काम चाललं, त्याची सुरुवात डाकोटा आणि तिच्या भावंडांनी केली हे खरं. चबुआ, दिंजान, सुकेराटिंग, मोहनबारी अशा चहाच्या मळ्यांतल्या धावपट्ट्यांवरून. पण भरलेली डाकोटा त्या डोंगरांवरून नेताना दमछाक व्हायची आणि माल जायचा जेमतेम अडीच-तीन टन. १९४३ पासून तिथे सी-४६ कमांडो आलं, ते जवळपास दुप्पट माल न्यायचं. पुढे चार इंजिनांची सी-५४ आली. साडेतीन वर्षांत साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला. त्यातला मोठा वाटा डाकोटाचा नाही. वर सहाशेच्या जवळपास विमानं त्या मार्गावर पडली. इतकी, की वैमानिक खाली चमकणाऱ्या पत्र्यांच्या रांगेला ॲल्युमिनियमची वाट म्हणायचे.

सांगायचं काय, तर हे युद्धातलं सगळ्यात चांगलं वाहतूक विमान नव्हतं. सगळ्यात जास्त होतं. दोन्हीत फरक आहे.

उंटावरचा शहाणा
@गणिती, कमांडोचं वजन उचलणं मान्य. पण तेच कमांडो हम्पवर वैमानिकांच्या शिव्याही खात होतं. इंधन गळायचं, पाठोपाठ आग. डाकोटाला धुळीची पट्टी, भाताचं खाचर, काहीही चालायचं, आणि बिघडली तर दुरुस्ती साध्या पान्यांनी.

तिरफळ
भाताच्या खाचरात डाकोटा? पुरावा द्या नाहीतर धागा बंद करा.

उंटावरचा शहाणा
घ्या. ५ मार्च १९४४, चिंडिट मोहीम, म्हणजे ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला सैन्य उतरवायची. जंगलातल्या 'ब्रॉडवे' नावाच्या मोकळ्या रानात आधी रात्री ग्लायडर उतरवले. निम्म्याअधिक मोडले, माणसं मेली. वाचलेल्या इंजिनिअरांनी छोट्या बुलडोझरने दिवसभरात पट्टी सपाट केली आणि दुसऱ्या रात्री तिथे डाकोटा उतरायला लागल्या. सैनिक, खेचरं, सगळं त्यातून. खेचरांना बांबूच्या कप्प्यात उभं करून न्यायचे.

आलेपाक
विमानात खेचर बिथरलं तर?

उंटावरचा शहाणा
तर ते जाणे आणि वैमानिक जाणे.

फौजी भाचा
मला धाग्याचं शीर्षक आवडलं नाही, पण प्रश्न आवडला. इम्फाळचं सांगतो, कारण त्यात आपली माणसं आहेत.

मार्च १९४४ मध्ये जपानी फौज इम्फाळ-कोहिमावर चालून आली तेव्हा ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावरच्या आराकानमधली पाचवी भारतीय डिव्हिजन, तोफा आणि खेचरांसकट, विमानांनी उचलून इम्फाळला आणली. त्यासाठी माउंटबॅटनने हम्पवरची विमानं काढून घेतली. @गणिती, ती तुमची कमांडोच होती, श्रेय देतोय. पुढे रस्ता तुटला आणि इम्फाळची फौज तीन महिने हवाई रसदीवर तगली. पीठ, तांदूळ, दारूगोळा येताना, जखमी जाताना.

पण विमान म्हणजे जादू नव्हे. त्याच मार्चमध्ये उखरूलच्या दक्षिणेला सांगशाक गावाजवळच्या टेकडीवर ५० वी पॅराशूट ब्रिगेड अडकली. तिच्या सोबतीला चौथी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. टेकडी एवढीशी, पाणी नाही, काटेरी तार नाही, खडकात खंदक खणता येईना. वरून डाकोटा रसद टाकत होत्या आणि त्यातली बरीचशी वाऱ्याने जपान्यांकडे जात होती. आपल्या डोळ्यांदेखत आपलं पाणी आणि तोफगोळे शत्रू उचलतोय. खाली येऊन अचूक टाकणारं विमान विरळा, कारण खाली यायचं म्हणजे गोळीच्या टप्प्यात यायचं. तरी त्या टेकडीवर २६ मार्चच्या रात्रीपर्यंत टिकले आणि जपान्यांचे मोलाचे दिवस खाल्ले.

रसद टाकायची पद्धत पण ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक गोणीला पॅराशूट लावणं परवडत नसे. तांदूळ, मीठ, डाळ यांना दोन-तीन पोती एकात एक. आतलं पोतं सैल भरायचं. जमिनीवर आदळलं की आतलं फाटतं आणि बाहेरच्यात धान्य राहतं. दार काढून ठेवलेलं. दारापाशी ढकलणारी पोरं बसलेली, पायाने लोटायची. वैमानिकाने घंटी दिली की लोटा, दुसरी घंटी की थांबा. एका फेरीत काम होत नाही. त्याच दरीत परत परत घिरट्या, आणि खालच्याला आता माहीत झालेलं असतं तुम्ही कुठून येणार ते. हीच पद्धत पुढे नेफामध्ये, म्हणजे आताच्या अरुणाचलमध्ये, आसाम रायफल्सच्या चौक्यांसाठी जोरहाटहून वर्षानुवर्षं चालली.

मृद्गंध
पोत्याच्या आत पोतं हे माहीत नव्हतं. सांगशाकबद्दल वेगळा धागा काढाच, वाचणार.

गणिती
@फौजी भाचा, प्रतिसाद उत्तम, आणि सांगशाक तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला. विमान होतं, तरी माल शत्रूला मिळाला.

फौजी भाचा
आणि इम्फाळ माझ्या बाजूचा. तीन महिने.

सोनेगावकर
युद्धाच्या कथा चालू द्या, मी नागपूरचा मुद्दा मांडून जातो, कारण तो कोणी मांडणार नाही.

युद्ध संपल्यावर अमेरिकन फौज शेकडो डाकोटा भारतात सोडून गेली. त्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि जो तो विमान कंपनी काढायला लागला. दुरुस्ती करून, खुर्च्या लावून द्यायचं काम बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये व्हायचं. म्हणजे मूळ आपल्या सोलापूरच्या वालचंदशेठनी १९४० साली उभा केलेला कारखाना. युद्धातही अमेरिकन विमानांची दुरुस्ती तिथेच होत असे.

मग ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्लीहून संध्याकाळी उशिरा एकेक विमान निघायचं, मध्यरात्रीच्या सुमाराला चारही सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, जमायची. थैल्यांची अदलाबदल, आणि पहाटेपर्यंत चौघंही आपापल्या घरी. मुंबईत आज टाकलेलं पत्र उद्या कलकत्त्यात! आमचे आजोबा टपाल खात्यात. सांगायचे, थंडीत शेकोटी पेटवून बसायचं आणि आवाजावरून ओळखायचं कुठलं आलं. एक विमान उशिरा आलं तर बाकी तीन खोळंबायची. चार गावांच्या थैल्या एका शेडमध्ये, कंदिलाच्या आणि दिव्यांच्या उजेडात, घाईत. मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात चढली की सकाळी साहेबाचा फोन. आजोबांनी विमानात पाय कधीच ठेवला नाही, पण इंजिनच्या तेलाचा वास त्यांच्या स्वेटरला कायम.

१९५३ मध्ये आठ खाजगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली तेव्हा तिच्या वाट्याला ९९ विमानं आली, त्यात ७४ डाकोटा. देशाची नागरी विमानसेवा बहुतांशी लष्कराच्या उतरलेल्या मालावर उभी राहिली. घ्या, टेम्पो म्हणा हवं तर.

किल्लीवाला
@सोनेगावकर, टेम्पो मागे घेत नाही, पण नागपूरकरांना एक दंडवत.

तिरफळ
नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे एकदा सिद्ध झालं, आता संत्री येऊ द्या.

नॅनोटेक आजोबा
काश्मीरबद्दल अजून कोणी लिहिलं नाही? मूळ प्रश्न तोच होता ना?

२७ ऑक्टोबर १९४७, पहाट. दिल्लीहून डाकोटा निघाल्या, पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. हवाई दलाची १२ वी स्क्वाड्रन तर होतीच, पण तेवढी विमानं पुरणार नव्हती, म्हणून खाजगी कंपन्यांच्या डाकोटा आणि त्यांचे वैमानिकही कामाला लावले. श्रीनगरचा विमानतळ आपल्या ताब्यात आहे की टोळीवाल्यांच्या, हे निघताना पक्कं ठाऊक नव्हतं. हुकूम असा, की आधी वर घिरटी घाला, शंका आली तर जम्मूला उतरा. विमानतळ म्हणजे कच्ची पट्टी. एक विमान उतरलं की एवढा धुरळा, की मागच्याला धुरळा बसेपर्यंत वर थांबावं लागे. दिवस मावळायच्या आत तीनशेच्या आसपास जवान उतरले. कर्नल राय त्याच दिवशी बारामुल्लाच्या रस्त्यावर पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तीन आठवड्यांत दिल्ली-श्रीनगर सातशेच्या वर फेऱ्या झाल्या.

किल्लीवाले, तुमचा प्रश्न 'लढले ते जवान' असा आहे. बरोबर. पण रस्त्याने ते जवान त्या दिवशी पोचलेच नसते. पठाणकोटहून जम्मूमार्गे बनिहालचा रस्ता काय अवस्थेत होता ते बघा. एका दिवसाचा प्रश्न होता.

फौजी भाचा
आणि पुंछ विसरू नका. शहर वेढलेलं, आत हजारो शरणार्थी. ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांनी शरणार्थींनाच हाताशी धरून फावड्या-टोपल्यांनी धावपट्टी करून घेतली. तीन बाजूंना नाले आणि पट्टी जेमतेम ६०० यार्ड. डिसेंबर १९४७ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी स्वतः पहिली डाकोटा तिथे उतरवली, सोबत पुढे हवाई दलप्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी. एवढे मोठे अधिकारी दोघं एका विमानात, आज कोणी परवानगी देईल का? नंतर शत्रूचे गोळे पट्टीवर पडत असताना तोफा उतरवल्या. परतीच्या फेरीत शरणार्थी बाया-पोरं.

लेहचं तर वाचताना धाप लागते. २४ मे १९४८. पुन्हा मेहर सिंग, सोबत जनरल थिमय्या. सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअरने सिंधूकाठी वाळूवर पट्टी तयार करून घेतलेली, उंची साडेअकरा हजार फूट. विमानात हवेचा दाब राखायची सोय नाही, पंखावरचं बर्फ काढायची सोय नाही, त्या मार्गाचा धड नकाशा नाही. झोजी ला, फोटू ला ओलांडून उतरले. त्या उंचीवर उतरण्यापेक्षा परत उडणं जास्त अवघड, हवा विरळ असते म्हणून.

मृद्गंध
मेहर सिंग यांना पण महावीर चक्र मिळालं होतं ना?

फौजी भाचा
हो. आणि महायुद्धात डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक.

गणिती
लेहला हरलो. कमांडो तिथे नेलं असतं असं म्हणायची माझी छाती नाही.

एक तांत्रिक आक्षेप मात्र नोंदवतो. संचलनात दिसलेला 'परशुराम' म्हणजे श्रीनगरला उतरलेलं विमान नव्हे. त्याच्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवलाय, तो २७ ऑक्टोबरला श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डाकोटाचा. हे विमान १९४४ सालचं, ब्रिटिश हवाई दलातलं, आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं. राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये ते घेतलं, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला दुरुस्त करून २०१८ मध्ये हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील एअर कमोडोर चंद्रशेखर डाकोटाचे वैमानिक होते. भेट सुंदर आहे, पण निवेदक लोक 'हेच ते विमान' म्हणून सांगतात ते चूक.

नॅनोटेक आजोबा
आक्षेप मान्य. पण १९४४ चं विमान २०१८ मध्ये इंग्लंडहून भारतापर्यंत स्वतःच्या पंखांवर, टप्पे घेत आलं, हेही नोंदवा की.

ओहायोकर
इथे डेटनच्या हवाई दल संग्रहालयात सी-४७ आहे. पोरांना दाखवायला नेलं होतं. शेपूट खाली असल्यामुळे असली विमानं जमिनीवर नाक वर करून उभी असतात, आत शिरलं की जागेपर्यंत चढणच चढावी लागते. 'यात बंदूक नाही' या @किल्लीवाला यांच्या मुद्द्यावर: व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनी डाव्या बाजूला तीन मिनीगन, म्हणजे फिरत्या नळ्यांच्या मशीनगन, बसवल्या आणि लक्ष्याभोवती गोल फिरत गोळ्यांचा पाऊस पाडला. एसी-४७. तीस वर्षांच्या जुन्या प्रवासी विमानाला!

नॅनोटेक आजोबा
काश्मीरमध्ये आपल्या लोकांनी त्याच्याही आधी हात धुऊन घेतले होते. डाकोटाच्या दारातून बॉम्ब चक्क ढकलले होते.

साताऱ्याची भाची
इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझे मामा २ पॅरामध्ये होते. ही मुळात तिसरी मराठा लाइट इन्फन्ट्री, पॅराशूट बटालियन झाली आणि १९५२ मध्ये नाव २ पॅरा (मराठा). ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाइलला उडी मारली ती हीच. लेफ्टनंट कर्नल पन्नू कमांडर. उत्तरेकडून ढाक्याकडे मागे सरणारी पाकिस्तानी ब्रिगेड पुंगली पुलावर अडवायची होती.

मामा गेले, पण त्यांचं बोलणं लक्षात आहे. डाकोटाबद्दल त्यांना अजिबात प्रेम नव्हतं! म्हणायचे, दार एक, तेही कडेला. पाठीवर पॅराशूट, पुढे सामान, रांगेत एकमेकांना रेटत पुढे सरकायचं. पहिला उतरतो या शेतात, शेवटचा त्या शेतात, मग अंधारात एकमेकांना शोधत बसा. त्यांना पॅकेट हे विमान आवडायचं, मागे दोन दारं, भराभर बाहेर. त्या दिवशी डाकोटा, पॅकेट, एएन-१२, कॅरिबू असे सगळेच नग होते. संध्याकाळ होत आली होती. गावकरी धावत आले आणि विखुरलेलं सामान, तोफांच्या पेट्या डोक्यावर घेऊन आणून दिल्या, हे मामा प्रत्येक वेळी सांगायचे. डाकोटाला शिव्या आणि टांगाइलच्या लोकांना आशीर्वाद, असा तो किस्सा असायचा.

गणिती
या धाग्यावरचा सर्वांत आवडलेला प्रतिसाद. मामांचा आणि माझा पक्ष एकच.

फौजी भाचा
दंडवत ताई. महायुद्धातलं विमान १९७१ च्या उडीत वापरावं लागलं, ते डाकोटाचं कौतुक की आपली टंचाई, यावर मामांचं मत ऐकायला आवडलं असतं.

साताऱ्याची भाची
"जे आहे त्यातून उडी मारायची," एवढंच असायचं.

किल्लीवाला
बरं, मूळ प्रश्नावर परत येतो. किती वर्षं वापरलं?

उंटावरचा शहाणा
१२ व्या स्क्वाड्रनकडे १९४६ च्या अखेरीस आल्या आणि हवाई दलात ऐंशीच्या दशकापर्यंत उडत होत्या. म्हणजे चाळीस वर्षांच्या आसपास. तिच्या जागी एक असं विमान आलंच नाही. ऑटर, कॅरिबू, ॲव्हरो, डॉर्निअर, एएन-३२ यांनी तिचं काम वाटून घेतलं. भरवशासाठी चौदा सिलिंडरची, १२०० अश्वशक्तीची प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं आणि थकवा न येणारा पंख, एवढ्यावर भागत होतं. मान कशासाठी, तर मी म्हणेन पट्टीसाठी. जिथे पट्टी नव्हती तिथे माणसांनी टोपल्यांनी पट्टी केली, आणि तेवढ्याशा पट्टीवर उतरायला तयार असलेलं विमान त्या वेळी आपल्याकडे हे होतं.

गणिती
म्हणजे अर्धा मान टोपलीवाल्यांचा. लिहून ठेवा.

किल्लीवाला
टेम्पो हा शब्द मागे घेतो. आता प्रत्यक्ष कुठे बघता येईल? ओहायो सोडून.

नॅनोटेक आजोबा
भुवनेश्वरला जा. बिजू पटनाईक यांच्या कलिंगा एअरलाइन्सची डाकोटा कोलकाता विमानतळावर वर्षानुवर्षं गंजत पडली होती. जानेवारी २०२३ मध्ये तिचे भाग सुटे करून रस्त्याने भुवनेश्वरला आणली. पटनाईक स्वतः कसलेले वैमानिक. १९४७ मध्ये डचांची नाकेबंदी चुकवून त्यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्यनेते सुतान शाहरीर यांना जावाहून विमानाने बाहेर काढलं होतं.

तिरफळ
म्हणजे आयुष्यभर लोकांचा माल वाहिला आणि शेवटी स्वतःच ट्रकमधून गेली.

आलेपाक
दाणे संपले. पुरीला जाणारच आहोत मार्चमध्ये, वाटेत बघून येऊ. विमानतळाच्या आत आहे की बाहेरूनच दिसते?